पांढऱ्या वाटेची परवानगी

हेस्टर पेलिंगला आभार मानायची सवय होती. आता दक्षिण इंग्लंडच्या त्या खडूच्या टेकड्यांमध्ये आभार कोण मानत नाही? बसमधून उतरताना ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हटल्याशिवाय तिथं शेंबडं पोरही पायरी सोडत नाही. पण हेस्टर बसमध्ये चढतानाही म्हणायची. वाटेतून बाजूला झालेल्या मेंढीला म्हणायची. दुकानदारानं उरलेले सुटे पैसे परत दिले की एकदा, आणि दारातून बाहेर पडताना वळून पुन्हा एकदा. डोंगरापलीकडची तिची मैत्रीण डॉर्कस होड तिला चिडवायची, "तुला कुणी गाडीखाली घातलं ना हेस्टर, तरी तू खालून म्हणशील, थँक्यू, हळूच घातलीत हो!"

हेस्टर हसायची. म्हणायची, "थँक्यू, डॉर्कस."

मार्लडीन हे तिचं सासरचं गाव. ती समुद्रकाठच्या एका शहरातून लग्न होऊन इथं आली. नवरा क्लेम पोस्टमन होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. हेस्टरनं शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढला, बटाटे सोलले, तांदळाची खीर ढवळली, आणि गावच्या हॉलमध्ये वर्षातून दोनदा जी नाटकं बसायची त्यांत ती प्रॉम्प्टर असायची. विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर संहिता ठेवून, अडलेल्या नटाला ती असा शब्द पुरवायची की पहिल्या रांगेलाही ऐकू जाऊ नये. नाटकाच्या धंद्यात ज्यांनी आयुष्य घातलंय त्यांना विचारा, चांगला नट एक वेळ मिळेल, चांगला प्रॉम्प्टर मिळत नाही. पडदा पडल्यावर सगळे वाकून नमस्कार करायचे तेव्हा हेस्टर विंगेतच खुर्च्यांची मोजदाद करत असायची. रंगमंचावर ती कधी आली नाही. येऊन एक वाक्यसुद्धा बोलली नाही.

तिचं खरं राज्य होतं रविवारचं. रविवारी चर्च सुटलं की दहा-बाराजण दगडी दारापाशी जमायचे, पायांत जाड बूट, पिशवीत चीज आणि लोणच्याचे सँडविच, आणि हेस्टर सगळ्यांच्या पुढे. लिड नदीच्या काठानं, वाकलेल्या विलोच्या झाडांखालून, साकवावरून पलीकडे, मग गाईंच्या कुरणातून टेकडीच्या पायथ्याशी. तिथून पांढरी वाट सुरू व्हायची. हिरव्या गवतात कुणी खडूनं रेघ ओढावी तशी ती सरळ माथ्यावर चढत जायची. जुन्या मेंढपाळांनी तिच्या दोन्ही कडांना खडूचे गोळे मांडून ठेवले होते, अंधार पडताना घरी येणाऱ्याचं पाऊल चुकू नये म्हणून. माथ्यावर वारा इतका की टोप्या हातात धराव्या लागायच्या. दूरवर समुद्राची एक पट्टी दिसायची. मग उतार, आणि खालच्या खोलगट दरीत लॉक्सकोम. चार घरं, गारगोट्यांच्या भिंती, आणि शेवटच्या घराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी असलेली डॉर्कस.

"आलं का मेंढरांचं खांड? बूट बाहेर! माझी फरशी काय खडूची खाण आहे?"

मग चहा, ओव्याच्या वासाचा केक, आणि गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या. डॉर्कस ऐंशीच्या घरातली, गुडघ्यानं अधू. लॉक्सकोमला बस नाही, दुकान नाही. रविवारची ती पांढऱ्या बुटांची रांग हाच तिचा आठवडा होता.

ऐंशीचं दशक सरता सरता टेकडीचा मालक, म्हातारा एकहर्स्ट, वारला. त्याचं शेत फॅरंट नावाच्या एका शहरी माणसानं विकत घेतलं. त्याला मेंढरांत रस नव्हता. त्याला शिकारीसाठी रानकोंबडे पाळायचे होते, आणि कोंबड्यांना माणसांची वर्दळ खपत नाही. एका रविवारी मंडळी साकव ओलांडून पायथ्याशी गेली तर फाटकाला नवंकोरं कुलूप, दोन्ही बाजूंना काटेरी तार, आणि पाटी: खाजगी जागा.

मंडळी उभी राहिली. कुणी ओरडलं नाही. ती माणसं ओरडणारी नव्हेत. कुणीतरी म्हणालं, "कमाल आहे हं," आणि सगळी परत फिरली.

पण आतून गाव पेटलं होतं. निवृत्त मास्तर लायनेल स्केरी यानं कायद्याची पुस्तकं काढली आणि हॉलमध्ये सगळ्यांना गोळा केलं. लायनेल म्हणजे गावच्या नाटकांचा दिग्दर्शक, आवाज असा की मागच्या भिंतीवरचं घड्याळ हलावं.

"मंडळी, कायदा आपल्या बाजूनं आहे," तो म्हणाला. "एखाद्या वाटेनं लोक सलग वीस वर्षं उजळ माथ्यानं चालले, न लपता, कुलूप-कडी न तोडता, आणि जमीनमालकाची परवानगी न घेता, तर ती वाट लोकांची होते. कायमची. मग मालक कुणीही असो."

"परवानगी न घेता?" हेस्टरनं मागच्या रांगेतून विचारलं.

"तीच तर मेख आहे. हक्कानं चालायला हवं. मालकाच्या मेहेरबानीनं चाललात तर सगळं मुसळ केरात. पण तो प्रश्नच नाही आपल्याकडे! कोण जातोय एकहर्स्टकडे परवानगी मागायला? त्याच्या आज्याच्या वेळेपासून गाव चालतंय."

सगळे हसले. हेस्टरनं हातमोजे घातले, पुन्हा काढले.

कारण ती गेली होती.

तिसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. क्लेमनं तिला रविवारची मंडळी सांभाळायला सांगितली होती. ती गावात नवी, शहरातली. दुसऱ्याच्या शेतातून दहा-बारा माणसं न्यायची तर विचारायला नको का? ती एकहर्स्टच्या दारात गेली. तो लोकर कातरत होता. तिनं घसा साफ करून विचारलं, "मिस्टर एकहर्स्ट, आम्ही रविवारी तुमच्या टेकडीवरून गेलो तर चालेल का? सगळेच?" त्यानं कात्री थांबवून तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं श्वास घ्यायची परवानगी मागितली होती. मग म्हणाला, "चालेल. फाटक लावत जा."

एवढंच. तो माणूस वर्षाकाठी पन्नास शब्द बोलत असेल. त्यातले चार त्यानं तिला दिले. तेव्हापासून दर नाताळला हेस्टर त्याच्या दारात घरी केलेल्या संत्र्याच्या मार्मलेडची एक बरणी घेऊन जायची. "यंदाही जाऊ दिलंत, थँक्यू." तो मान हलवायचा आणि बदल्यात हंसाची दोन अंडी द्यायचा. कुणाला सांगण्यासारखं त्यात तिला कधी काही वाटलंच नव्हतं. शेजारधर्म, दुसरं काय!

आणि आता कळत होतं की त्या प्रत्येक बरणीनं वाटेचा एकेक दगड उपसला होता. ती मंडळींची पुढारी. तिनं सगळ्यांच्या वतीनं विचारलं होतं. वीस वर्षं सतत चाललेले साक्षीदार उरले होते ते फक्त रविवारच्या मंडळीतलेच. बाकीचे जुने एकतर चर्चच्या आवारात निजले होते नाहीतर गाव सोडून गेले होते.

वाटेची सरकारी चौकशी हॉलमध्येच होणार होती, म्हणून लायनेलनं साक्षीदारांच्या तालमी घेतल्या. खऱ्याखुऱ्या तालमी. स्वतः फॅरंटचा वकील होऊन तो प्रश्न विचारायचा. शेवटचा प्रश्न ठरलेला, आणि हेस्टरची साक्ष शेवटची.

"आपण किंवा आपल्या मंडळीपैकी कुणी जमीनमालकाची परवानगी घेतली होती का?"

"नाही," हेस्टर म्हणाली.

"मोकळ्या आवाजात! तू कुणाला प्रॉम्प्ट करत नाहीयेस, हेस्टर. आज तू नायिका आहेस. पुन्हा."

"नाही."

"वा! हॉल जिंकलास!"

तिनं घरी येऊन केटली ठेवली आणि गॅस पेटवायला विसरली. तसं पाहिलं तर एकच शब्द होता. एकहर्स्ट गेला होता. त्याला ना बायको, ना मूल. बरण्यांचं कुणाला ठाऊक नव्हतं. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांचे लांबलचक संवाद पाठ केले होते, त्यांतले निम्मे खोटेच होते. राजे, खुनी, तोतये. हा एक शब्द का जड व्हावा?

ती रस्त्यानं लॉक्सकोमला गेली. वाट बंद झाल्यापासून तेवढाच मार्ग होता, टेकडीला वळसा घालून. त्या रस्त्यावर सिमेंट कारखान्याचे ट्रक धावायचे, आणि पायी चालणाऱ्याला गटाराच्या कडेशिवाय जागा नव्हती. डॉर्कसच्या घरी पोहोचायला तिला तिपटीनं वेळ लागला. बाकी कुणी आता येत नव्हतं. डॉर्कस दारात उभी नव्हती. आत शेकोटीशी बसली होती, पायावर शाल.

"केक केलाय," डॉर्कस म्हणाली. "गेल्या रविवारीही केला होता. पक्ष्यांना घातला. लठ्ठ झालेत मेले, उडता येत नाही."

"वाट मिळेल आपल्याला. लायनेल म्हणतो."

"लायनेलला टाळ्या हव्या असतात. मला माणसं हवीत." मग तिनं हेस्टरकडे नीट पाहिलं. "काय गं? तोंड का असं उकडलेल्या कोबीसारखं?"

हेस्टरनं सांगितलं. कात्री, चार शब्द, बरण्या, सगळं. डॉर्कसनं काठीनं शेकोटी ढोसली. शेकोटीतलं लाकूड फुटलं.

"मूर्ख बाई," ती शेवटी म्हणाली. "तीनशे वर्षांत कुणी विचारलं नाही. तू गेलीस विचारायला."

"मला वाटलं..."

"तुला वाटलं! आता नाही म्हण आणि मोकळी हो. मेलेल्या माणसाला मार्मलेडची आठवण राहत नाही."

चौकशीच्या दिवशी हॉल भरला होता. सरकारी अधिकारी म्हणजे एक किडकिडीत, सौम्य चेहऱ्याचा गृहस्थ; त्यानं रंगमंचावर टेबल मांडलं होतं. साक्षीदाराची खुर्ची त्याच्या शेजारी. हेस्टर विंगेच्या बाजूनं नव्हे, समोरच्या पायऱ्यांनी वर चढली, आणि तिला जाणवलं की इतक्या वर्षांत तिनं हा हॉल या बाजूनं पाहिलाच नव्हता. केवढे चेहरे! डॉर्कसला कुणीतरी मोटारीनं आणलं होतं. ती पहिल्या रांगेत काठी रोवून बसली होती. फॅरंट शेवटच्या रांगेत, मान खाली घालून.

सगळं तालमीप्रमाणे झालं. नदी, साकव, कुरण, रविवार. हेस्टरचा आवाज मोकळा, स्थिर. लायनेल खुशीत मान डोलावत होता. मग फॅरंटच्या वकिलानं चष्मा पुसला.

"मिसेस पेलिंग, आपण किंवा आपल्या मंडळीपैकी कुणी जमीनमालकाची परवानगी घेतली होती का?"

समोर लायनेलचे ओठ हलले: नाही.

हेस्टरनं विंगेकडे पाहिलं. तिथं स्टूल होतं. रिकामं. आणि त्या क्षणी तिला दिसला तो कात्री थांबवून बघणारा एकहर्स्ट. त्याला वाट बंद करता आली असती. तो 'चालेल' म्हणाला होता. त्या अबोल माणसानं आयुष्यात कुणाला काही दिलं असेल तर तो एक शब्द, आणि आता भरल्या सभेत, तो उठून बोलू शकत नसताना, त्यानं तो दिलाच नव्हता असं म्हणायचं?

"हो," हेस्टर म्हणाली. "मी विचारलं होतं."

हॉलमध्ये एक खुर्ची करकरली.

"कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी. ते चालेल म्हणाले. मी दर नाताळला त्यांना मार्मलेड द्यायची. जाऊ देतात म्हणून."

मार्मलेड ऐकून कुणीतरी हसलं, आणि दोन-तीनजण त्याच्याबरोबर. मग लायनेलनं आपल्या पेनाला टोपण लावलं. ते हसू जागच्या जागी विरलं.

"थँक्यू, मिसेस पेलिंग," अधिकारी हळुवार म्हणाला.

"थँक्यू," हेस्टर म्हणाली. सवयीनं.

निकाल शरद ऋतूत लागला. वाट लोकांची नाही.

गावानं तिला एक अवाक्षर ऐकवलं नाही. शिव्या दिल्या असत्या, दारावर चिखल फेकला असता, तर ती निदान रडली असती. पण प्रत्येकजण थांबून म्हणायचा, "जाऊ दे हेस्टर, मनाला लावून घेऊ नकोस," आणि तिनं काही बोलायच्या आत टोपीला हात लावून पुढे जायचा. लायनेलच्या बायकोनं तिचा केकचा डबा परत पाठवला, लख्ख घासून पुसून. त्या गावात डबा कधी रिकामा परत जात नाही. दोन बिस्किटं का होईना, त्यात असतातच. हेस्टरनं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि झाकण लावलं. हिवाळी नाटकाच्या तालमी सुरू झाल्या. लायनेल स्वतः आला सांगायला. "यंदा तुला विश्रांती द्यावी म्हटलं. शाळेतली नवी बाई बसेल विंगेत. तुझे डोळेही आताशा..."

"माझे डोळे चांगले आहेत, लायनेल."

"हो, हो. तरीपण."

रविवारची मंडळी आता नदीच्या खालच्या अंगाला फिरायला जायची. कधी निघायचं, कुठं जमायचं, हे तिला कुणी मुद्दाम सांगितलं नाही असं नाही. फक्त सांगायचं राहून जायचं.

लॉक्सकोमला ती एकटीच जात राहिली, रस्त्यानं. एकदा ट्रकच्या वाऱ्यानं ती गटारात बसली. उठून, स्कर्ट झटकून पुढे गेली आणि डॉर्कसला म्हणाली की घसरले. पूर्वी तिचे बूट पांढरे होऊन यायचे. आता काळे यायचे.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी दारावर टकटक झाली. फॅरंट उभा होता. हातात टोपी, चेहरा ओशाळा. दुष्ट माणूस नव्हता तो. दुष्ट असता तर बरं झालं असतं.

"आत येत नाही, बूट खराब आहेत. मिसेस पेलिंग, त्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही जे... माझ्या विरुद्ध उभ्या होतात, तरी खरं बोललात. मला झोप लागत नाही नीट." त्यानं खिशातून एक किल्ली काढली. पितळी, नवी, निळ्या फितीत ओवलेली. "फाटकाची. तुमच्यासाठी. पलीकडे तुमच्या मैत्रीण एकट्या असतात, रस्ता धोक्याचा, मला कळतं ते. कधीही जा. माझी परवानगी आहे."

किल्ली तिच्या तळव्यावर आली. थंड, हलकी. हेस्टरला माथ्यावरचा वारा आठवला. वाटेच्या कडेचे खडूचे गोळे आठवले. पाऊण तासात डॉर्कसच्या दारात. अंधारायच्या आत परत. ट्रक नाहीत, गटार नाही. फक्त फाटक उघडायचं, आत जायचं, आणि लावायचं. एकटीनं. तारेबाहेर मार्लडीन, आणि आत टेकडीवरून चाललेली हेस्टर पेलिंग, मालकाच्या मेहेरबानीनं.

तिचे ओठ सवयीप्रमाणे जुळून आले.

तिनं किल्ली त्याच्या हातात परत ठेवली.

"नको," ती म्हणाली.

फॅरंट थांबून राहिला. त्या देशात 'नको'च्या मागून आणखी एक शब्द यायचा असतो, आणि तो येईपर्यंत माणूस हलत नाही. हेस्टरलाही तो घशात जाणवत होता, उभा जन्म रोज उच्चारलेला. ती त्याच्या येण्याची वाट बघत राहिली. तो आला नाही.

"बरं," फॅरंट म्हणाला. "मला वाटलं होतं..." टोपी डोक्यावर ठेवून तो गेला. हेस्टरनं दार लावलं, कोट घातला आणि ती रस्त्यानं निघाली. कुणाला तरी थोबाडीत मारून आल्यासारखं तिला वाटत होतं.

"घ्यायची होतीस!" डॉर्कस ओरडली. "एवढं तत्त्व होतं तर तेव्हा हॉलमध्ये कुठं गेलं होतं? तिथं खरं बोलून वाट घालवलीस आणि इथं किल्ली नाकारून मला! हिवाळ्यात काय करशील? बर्फात कशी येशील त्या रस्त्यानं?"

"माहीत नाही."

"मी मेले तरी तुला चार दिवसांनी कळेल."

"माहीत आहे."

चहा निवला. डॉर्कसनं खिडकीतून टेकडीकडे पाहिलं. वाटेवर गवत चढू लागलं होतं. पांढरी रेघ मधूनमधून पुसली गेली होती.

"निदान थँक्यू तरी म्हणालीस का त्याला?"

"नाही."

डॉर्कसनं मान वळवली. "नाही म्हणजे?"

"नको म्हटलं. नुसतं नको."

डॉर्कस तिच्याकडे बघत राहिली. मग काठी घेऊन उठली, एकेक पाऊल टाकत मागच्या दारानं बाहेर गेली आणि परसातल्या भिंतीपाशी वाकून काहीतरी उकरू लागली. आत आली तेव्हा तिच्या हातात खडूचा एक मोठा गोळा होता, मातीनं माखलेला.

"ऊठ. कोट घाल. पाठ कर माझ्याकडे."

"कशाला?"

"चार वाजलेत. अर्ध्या वाटेत अंधारेल, आणि हा कोट कावळ्यासारखा काळा. ट्रकवाल्यांना काय स्वप्न पडणार आहे तू तिथं आहेस म्हणून?"

हेस्टर पाठ करून उभी राहिली. डॉर्कसनं एका हातानं तिचा खांदा धरला आणि दुसऱ्या हातानं खडू घासायला सुरुवात केली. मानेपासून खाली, सरळ, दाबून. खडूची भुकटी फरशीवर पडत होती. आपल्या त्या फरशीकडे डॉर्कसनं पाहिलंही नाही. कोटाच्या काळ्या लोकरीवर एक रुंद पांढरा पट्टा उमटत गेला.

"झालं," ती धापा टाकत म्हणाली.

हेस्टर वळली. तिचे डोळे भरून आले होते आणि ओठ जुळले होते.

"खबरदार!" डॉर्कसनं खडू उगारला. "तोंडातून अवाक्षर काढलंस तर. नीघ. आणि गुरुवारी लवकर ये."

हेस्टरनं तोंड मिटलं, मान हलवली आणि ती दरीतून रस्त्याकडे चढू लागली. उजेड ओसरत होता. दारातून डॉर्कसला बाकी काही दिसेना झालं, फक्त तो पांढरा पट्टा, डुलत, हळूहळू दूर जाणारा. रस्त्याच्या वळणावर एका ट्रकचे दिवे आले. डॉर्कसनं काठी घट्ट धरली. दिवे क्षणभर थबकले, बाजूला झाले, पुढे गेले, आणि पट्टा अजून तिथं होता.